अजायबखान्यातले पाहुणे

नळदुर्गाच्या मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मला नुकतं एकविसावं लागलं होतं. वडील कळंबहून मला पोचवायला आले. येडशीपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. बाजारपेठेत एका लिंगायत किराणा व्यापाऱ्याच्या घरामागची खोली त्यांनी ठरवली, चुलीला सरपण आणून ठेवलं, आणि निघताना म्हणाले, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. जावईबापूंचं मन वळंल."

माझं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं. नवरा हैदराबादेत शिकत होता. शिक्षण झालं की नेतो, असं ठरलं होतं. शिक्षण झालं, मोठ्या कचेरीत नोकरी लागली, आणि पुढल्या वर्षी नेतो, पुढल्या वर्षी नेतो असं करता करता एक दिवस पाहुण्यांकडून कळलं की त्यांनी तिथंच दुसरं लग्न केलं. मुलगी शिकलेली, वकिलाची. वडलांनी ते ऐकून डोक्यावरचा रुमाल काढून ठेवला आणि बराच वेळ तो परत बांधलाच नाही. पण त्यांनी आशा सोडली नाही. दोन बायका नांदवणारे पुष्कळ असतात, कधीतरी नेतील, असं ते धरून चालले होते. त्यांच्या आशेचा थोडा वाटा माझ्याकडंही होता. नाही म्हणून चालणार नाही.

मी कुंकू लावत होते, पण हळदीकुंकवाचं बोलावणं मला येत नसे. विधवा म्हणावं तर नवरा जिवंत, सवाष्ण म्हणावं तर संसार नाही. घरमालकीण मनानं चांगली होती. घरात कानडी बोलायची, माझ्याशी मराठी. पण संक्रांतीला बायका जमल्या की ती माझ्या खोलीचं मधलं दार हळूच ओढून घ्यायची. मला वाईट वाटू नये म्हणूनच घेत असावी.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी. बाकीचे दिवस मुलींच्या पाढ्यांत, कवितांत निघून जायचे. शुक्रवार मात्र सरता सरत नसे. सकाळी न्हाणं, धुणं, भाकरी झाली की पुढं दिवस पसरलेला. बोलायला कुणी नाही. कधी कधी शनिवारी वर्गात तोंड उघडलं की माझाच आवाज मला घोगरा लागायचा. आदला अख्खा दिवस तो वापरलेलाच नसायचा.

अशाच एका शुक्रवारी मी किल्ल्यात गेले. गावातली माणसं तिकडं गुरं चारायला जात, सीताफळं आणायला जात. नुसतं बघायला कोणी जात नसे. बोरी नदी बांध घालून किल्ल्याच्या अंगाला अडवलेली आहे. मी तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. पावसाळ्यानंतर तटाखाली साठलेलं ते हिरवंकाळं पाणी, त्यावरून येणारा वारा आणि वर उभे असलेले बुरूज पाहिले की समुद्र असाच असणार, असं मला वाटायचं.

आत बरंच चालून गेल्यावर एक पडवीचा बंगला लागला. फार पूर्वी काही वर्षं हा मुलूख गोऱ्यांच्या ताब्यात होता. तेव्हाच्या कुणा साहेबानं तो राहण्यासाठी बांधलेला. दाराशी एक म्हातारा मुसलमान बाजेवर बसून लसूण सोलत होता. मला पाहून तो घाईनं उठला. त्याच्या मांडीवरचा लसूण सगळा खाली सांडला.

"आवो बाईसाब, आवो. अजायबखाना बघनार ना?"

मला अजायबखाना असल्याचंही ठाऊक नव्हतं. त्यानं कंबरेची किल्ली काढून आतली खोली उघडली. वटवाघळांचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. किल्ल्यात इथंतिथं सापडलेल्या वस्तू कुणा अंमलदारानं तिथं गोळा करून ठेवल्या होत्या आणि राखायला या म्हाताऱ्याला नेमलं होतं. तोफगोळे, मुठी नसलेल्या तलवारी, फारशी अक्षरं कोरलेला अर्धा दगड, हात तुटलेली एक देवीची मूर्ती, साहेबाच्या घरातला काळा पडलेला आरसा, एक झुंबर आणि मधोमध पत्र्याचं एक भलंमोठं लांबोडकं भांडं.

"ही डेग बघा. ह्याच्यात बेगमेचा पुलाव शिजत होता. अख्खी फौज जेवायची."

पुढच्या शुक्रवारी मी परत गेले तेव्हा तो म्हणाला, "ही साहेबाची न्हाणी. साहेब ह्याच्यात बसून चिरूट ओढायचा."

"चाचा, मागल्या शुक्रवारी तर ही डेग होती."

त्यानं क्षणभर विचार केला. "डेगच होती. साहेबानं येऊन त्याच्यात आंघोळ केली. आता ह्याच्यात मेरा क्या कसूर?"

किती दिवसांनी मी हसले होते.

मग दर शुक्रवारी जाऊ लागले. चाचांची बायको वारलेली, एकुलती मुलगी गुलबर्ग्याकडं दिलेली. महिनामहिना अजायबखान्याला कोणी येत नसे. आलं तरी गोळे-तलवारी बघून चटकन निघून जाई. मी गेले की ते कुलूप काढत, फडक्यानं आरसा पुसत आणि एखाद्या वस्तूचा नवा किस्सा सांगत. खरं किती, खोटं किती, मी विचारत नसे. शाळेत दिवसभर खरं तेच शिकवायचं असतं. मी घरून भाकरी-चटणी नेई. आम्ही पडवीत बसून खात असू, ते एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. पाण्याचा घडा त्यांचा होता, पण मला तहान लागली की ते म्हणत, "खाली झरा हाय, बाईसाब. तुमी तिथं जावा." माझा धर्म त्यांनीच सांभाळला होता.

घरमालकिणीच्या कानावर गेलंच. "एकट्यानं किल्ल्यात जातावं का अक्का? बरं दिसत न्हाय बघा."

"तिथं अजायबखाना आहे. बघण्यासारखा आहे. तुम्हीही चला एकदा," मी म्हणाले. ती आली नाही. पण मला परत बोललीही नाही.

पाहुणे आले तो शुक्रवार भाद्रपदातला होता. नदी भरली होती. बांधाच्या पोटात पाणीमहाल म्हणून एक खोली आहे. तिच्या सज्जात उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळताना दिसतो आणि अंगावर थेंब येत नाही. तो आवाज बंगल्यापर्यंत ऐकू येत होता. चाचांनी नुकतीच खोली उघडली होती. एवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. थोड्या वेळानं एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन पडवी चढली. पाचवारी पातळ, पायात चपला, केसांत अबोलीची वेणी. घामेजलेली होती, पण हसतमुख.

"आत बघता येतं का हो?"

चाचांची धांदल उडाली. "या की, या. मालक कुठं हायत?"

"ते येताहेत. दरवाजाशी तोफ बघत थांबलेत."

"तर मग आमच्या बाईसाब दाखवत्यात तुमाला. मास्तरीण हायत. लई इल्म हाय त्यांना." आणि मोठ्या अभिमानानं त्यांनी मला पुढं केलं.

मी तिला दाखवू लागले. ती एकेका वस्तूपाशी थांबून विचारत होती. मूल आपला खुळखुळा माझ्या हातात देऊन तोफगोळ्यांकडं झेपावत होतं. पत्र्याच्या भांड्यापाशी मी तिला डेगीचा आणि न्हाणीचा, दोन्ही किस्से सांगितले. ती खळखळून हसली. मला ती आवडली होती. आपल्याच वयाच्या बाईशी असं बोलून मला वर्षं झाली होती.

तेवढ्यात दारातून कोणीतरी आधी खाकरलं आणि मग म्हणालं, "आटपलं का? तुळजापूर गाठायचंय अजून."

बोलण्याआधी खाकरायची ती सवय मी लग्नाच्या चार दिवसांत ऐकली होती. वळून बघायच्या आधीच मला कळलं. अंगात शेरवानी, शरीर जड झालेलं, कानाशी केस विरळ. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रथम नुसतं पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि ते एकदम तलवारींकडं वळले, जणू त्या बघायलाच हैदराबादहून आले होते.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. या भेटीची मी मनात खूप तयारी केली होती. आपण काय बोलायचं, ते काय म्हणतील, सगळं. त्यात अजायबखाना नव्हता, आणि माझ्या हातात दुसऱ्या बाईच्या मुलानं दिलेला खुळखुळा नव्हता. तरी मी पुढं सरकले आणि फारशी दगडाचं सांगू लागले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मूल रडायला लागलं म्हणून ती त्याला पाणी पाजायला पडवीत गेली. चाचाही तिच्या मागं गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"तू इथं नोकरी करतेस?"

"हो."

"बरं चाललंय ना?"

"बरं आहे."

ते परत खाकरले. "तिला काही बोलू नकोस."

एवढंच. लग्नानंतर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. आरशावर चाचांनी फडकं फिरवल्याच्या रेघा होत्या. मी त्या बघत उभी राहिले.

चाचांनी पाहुण्यांना उपळी बुरूज दाखवायचा हट्टच धरला. त्यावरून सगळा मुलूख दिसतो. पायऱ्या उंच, म्हणून ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी लेकराला घेऊन इथंच बसते, या बाईंपाशी." ते एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. पण नको म्हणायला काही कारण सापडेना. चाचा पुढं चालू लागले होते. ते त्यांच्या मागं गेले.

आम्ही चिंचेखाली बसलो. ती सांगत होती, मुलाचं जावळ काढायचंय तुळजापूरला, नवस होता. वाटेत पाणीमहाल बघायची तिचीच हौस. मग तिनं विचारलं, "तुमचे यजमान कुठं असतात?"

"हैदराबादला."

"अगं बाई! आमचं घर तिथंच. कुठल्या मोहल्ल्यात?"

"मला माहीत नाही. मी कधी गेले नाही तिकडं."

"आणि माहेर?"

"कळंब."

मूल तिच्या वेणीतली अबोली ओढत होतं. तिनं त्याचा हात सोडवला नाही. बुरजाच्या पायऱ्यांवर ते दोघं लहान लहान होत चालले होते. ती त्यांच्याकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं, माझ्या कुंकवाकडं, गळ्यातल्या मण्यांकडं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही प्लेगात गेलात असं सांगितलं होतं मला."

पाण्याचा आवाज येत होता. मी काही वेळ तोच ऐकला. नवऱ्यानं टाकली हे मी पचवलं होतं. पण परक्या गावात, परक्या माणसांना सांगून त्यांनी मला कधीच मारून टाकलं होतं, आणि इकडं माझे वडील दर दिवाळीला त्यांची वाट बघत होते.

"माझ्या वडलांना कळलं असतं तर त्यांनी दिलं नसतं मला. देवीची शपथ," ती म्हणाली.

"लेकराला ऊन लागतंय," मी म्हणाले. "इकडं सावलीला सरका."

ती सरकली आणि रडू लागली. आईला रडताना बघून मूल बावरलं. मी त्याला घेतलं. ते माझ्याकडं आलं, अगदी सहज. वजनाला चांगलं होतं. मानेला पावडरीचा वास येत होता. ती आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होती. देवीसाठी आणलेला हळदीकुंकवाचा करंडा तिनं काढला, डोळे पुसले आणि माझ्या कपाळाला आधी हळद, मग कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. मग ती पायाशी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.

"आता मी काय करू, ताई?"

"तुळजापूरला जा. नवस फेडा," मी म्हणाले. "याच्यात तुमचं काही नाही आणि या लेकराचं तर मुळीच नाही."

ते बुरजावरून उतरले तेव्हा तिनं डोळे पुसले होते, पण माझ्या नाकावरचं कुंकू त्यांना दिसलं असणार. मोटारीपर्यंत ती त्यांच्या पुढं चालत गेली, मूल कडेवर घेऊन, एकदाही मागं न बघता. ते मागून चालत होते. नंतर त्यांच्या घरात काय झालं, मला कधी कळलं नाही. मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

धुरळा बसल्यावर चाचांनी विचारलं, "कौन होते वो लोगां? तुमच्या वळखीचे?"

"माझे मालक," मी म्हणाले.

ते बाजेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. त्यांनीच मला पुढं केलं होतं, त्यांनीच त्यांना बुरूज दाखवला होता. मग ते म्हणाले, "मेरेको आधी बोलना था, बाईसाब. मैं तर त्यांना सगळ्या तोफांची नावं सांगत बसलो. ढकलूनच दिला असता वरनं."

मला हसू आलं. हसता हसता ते रडणं कधी झालं ते कळलं नाही. चाचा उठले, घड्यातून पाणी भरून आणलं आणि मी तांब्या तोंडाला लावल्यावर त्यांना आठवलं. "नक्को, नक्को, वो मेरे घडे का हाय!"

"असू द्या," म्हणून मी सगळं पाणी प्याले.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी खोली उघडलीच नाही. "आज किस्सा नक्को. आज नुसतं बसू," असं म्हणाले. आम्ही पडवीत बसलो. त्यांनी लसूण पुढं ठेवला, मी सोलू लागले.

ते बरे दिवस फार टिकले नाहीत. पुढच्या दीड-दोन वर्षांत सगळीकडं वातावरण बिघडत गेलं. रझाकारांच्या गोष्टी गावोगाव येऊ लागल्या. नळदुर्गाच्या रस्त्यावरून बैलगाड्या सरहद्द ओलांडून सोलापूरकडं जाऊ लागल्या. शाळा बंद पडली. एक दिवस चाचा स्वतः गावात आले, बाजारपेठेत माझ्या खोलीच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पूर्वी कधी आले नव्हते.

"आता किल्ल्यात येऊ नका, बाईसाब. तिथं बंदूकवाले ऱ्हायला येनार हायत. ही मालकीण सोलापूरला जात असंल, तर तुमी बी जावा."

"आणि तुम्ही?"

"मेरेको कोन काय करतंय? मी अजायबखान्याचा मानूस." ते हसले. घरमालकिणीनं आतून गूळ आणि पाणी आणून दिलं. त्यांनी उभ्या उभ्याच पाणी पिऊन भांडं उपडं घातलं.

मी घरमालकिणीच्या कुटुंबाबरोबर सोलापूरला गेले. एका धर्मशाळेत आम्ही पुष्कळ महिने काढले. हिंदुस्थानची फौज नळदुर्गाच्याच रस्त्यानं आत शिरली, निजामानं शस्त्रं खाली ठेवली, आणि मग आम्ही परतलो. परतताना वाटेत जळालेली घरं होती. आधी रझाकारांनी जाळलेली कोणती आणि फौज आल्यावर सूडानं जाळलेली कोणती, बघून सांगता येत नव्हतं.

गावात शिरल्यावर मी आधी किल्ल्यात गेले. बंगल्याचं दार उघडं होतं. खोलीत काहीच नव्हतं. जड तोफगोळे तेवढे एका कोपऱ्यात. बाहेर बाज मोडून पडली होती. गुरं राखणाऱ्या एकाला मी विचारलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला लेकीकडची मान्सं गाडीत घालून गुलबर्ग्याला घिऊन गेली." दुसऱ्यानं सांगितलं, "न्हाय न्हाय, तो गेलाच न्हाय कुठं." त्यापुढं काय झालं ते त्याला सांगायचं नव्हतं. तो गुरं हाकत निघून गेला. गुलबर्ग्याच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाकडं मी चौकशी केली. मला मुलीचं नाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. इतके शुक्रवार सरले, पण तेवढं विचारायचं राहूनच गेलं होतं.

शाळा उघडायला अवकाश होता, म्हणून मी कळंबला गेले. वडील फार थकले होते. धान्याच्या मोंढ्यातलं काम सोडून घरी बसले होते. दुपारी भाकरी खाताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "हैदराबाद आता आपलंच झालं. जावईबापूंना भेटून यावं का एकदा?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. किल्ला, मोटार, ती बाई, तिनं काय ऐकलं होतं, सगळं सांगितलं. कुंकवाचं मात्र सांगितलं नाही. ते माझ्यापाशीच ठेवलं.

वडलांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे आता वाट बघायची न्हाय?"

"न्हाय, दादा."

"बरं," ते म्हणाले. जरा वेळानं परत म्हणाले, "बरं." मग त्यांनी तो घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. हात धुऊन झाले तरी ते ओंजळ पुढं धरून उभेच राहिले. मीही तांब्या संपेपर्यंत पाणी घालत राहिले.